लिंबच्या गेटला वीज कुठली द्यायची?

एप्रिलच्या शेवटी साताऱ्याजवळच्या लिंबहून एक जळकी मोटर माझ्या टेबलावर आली. मोटर रिवाइंडिंगचं दुकान म्हटल्यावर जळक्या मोटरी रोजच येतात. पंपाच्या, पिठाच्या गिरणीच्या, कडबाकुट्टीच्या. ही मात्र आक्काच्या घरच्या सरकत्या गेटची होती, बसवून चौदा महिनेसुद्धा झाले नव्हते.

झाकण काढलं तसा भाजलेल्या वार्निशचा वास दुकानभर सुटला. तार कुठं तुटलेली नव्हती, शॉर्ट झाल्याचा काळा ठिपका नव्हता, पाणी शिरल्याची खूण नव्हती. सगळ्या कॉइल एकसारख्या करपल्या होत्या, काकवी कढईला लागल्यावर होते तशा. बांधणीच्या दोऱ्याला नख लावलं तर त्याचा भुगा झाला. अशी एकसारखी करपलेली वाइंडिंग बघितली की मोटरीचा दोष शोधायला मी जात नाही. तिला वीज कमी मिळाली आणि काम पूर्ण सांगितलं गेलं, म्हणून ती भाजली.

आक्काचं घर गावठाणात नाही, शेतात आहे. त्या डीपीवर, म्हणजे तिथल्या ट्रान्सफॉर्मरवर, पंप भरपूर. शेतीची थ्री फेज पाळीपाळीनं येते आणि एरवी वस्त्यांवर सिंगल फेज असते. पण ऊस वाळायला लागला की माणसं कपॅसिटर लावून सिंगल फेजवरही पंप ओढतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही, उभं पीक डोळ्यांदेखत माना टाकत असेल तर माणूस काय करणार? पण त्याचा भार सगळ्या लाईनवर येतो. मी मुद्दाम संध्याकाळी आठला गेटपाशी मीटर लावला तर १६८ व्होल्ट आले.

आता २३० वर चालणाऱ्या एसी मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं घटतो. म्हणजे १७० व्होल्टला जोर तीन चतुर्थांश राहत नाही, निम्म्याच्या जरा वर राहतो. गेट तेवढंच जड. मोटर नुसती घूंऽऽ करते, हलत नाही, तापते. आतला थर्मल कटआउट पडतो, गार झाला की पुन्हा जोडतो. बाहेर माणूस रिमोट दाबतोच आहे. असं वर्षभर चाललं.

बाहेर रिमोट दाबणारा माणूस म्हणजे आमचे दाजी. लहानपणीच्या पोलिओनं त्यांचा डावा पाय अधू आहे. मागं दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर ते रोज साताऱ्याला पतसंस्थेत कामाला जातात आणि रात्री आठ-साडेआठला परत येतात. गेट पंधरा फुटांचं, लोखंडी, भरीव पत्र्याचं. आधी ते ढकलायचं तर स्कूटरवरून उतरा, कुबडी काढा, कडी काढा, गेट ढकला, पुन्हा स्कूटरवर चढा, आत या आणि हे सगळं उलट करून गेट लावा. उघडं ठेवायची सोय नाही, कारण रस्त्यालगत शेरडं-गुरं फिरतात आणि कुत्र्यांचा त्रास आहे. म्हणून हे ऑटोमॅटिक गेट. ते बसवलं तेव्हा दाजींना झालेला आनंद मी बघितलेला आहे. नंतर मागल्या वर्षीच्या मे महिन्यातल्या एका वळवात लाईट गेली आणि ते गेटबाहेर चाळीस मिनिटं स्कूटरवर भिजत बसले. हॉर्न घरापर्यंत पोचला नाही. आक्का मागच्या पडवीत वाळवण आत घेत होती. हे त्यांनी मला सांगितलं नाही, आक्कानं सांगितलं, तेही मोटर जळाल्यावर.

"गेट उघडायला कुणाला हाक मारायला लागू नये, एवढ्यासाठीच बसवलं हुतं," दाजी एवढंच म्हणाले.

मोटर पुन्हा भरून देणं माझ्या हातचं काम होतं, दोन दिवसांचं. पण तीच मोटर त्याच लाईनवर लावली असती तर पुढच्या उन्हाळ्यात तीच वाइंडिंग पुन्हा माझ्याच टेबलावर आली असती. स्टॅबिलायझर लावला तर व्होल्टेजचं भागतं, लाईट गेल्याचं भागत नाही. घरातला इन्व्हर्टर जुना, चौकोनी वेव्हचा, त्याच्यावर अशी मोटर गुरगुरते आणि तापते. मग मी ठरवलं की आधी गेटचा वाईट दिवस कसा असतो तो बघायचा. रात्र आहे, पाऊस आहे, लाईट नाही, दाजी एकटे बाहेर आहेत. त्या वेळी जे चालेल तेच बसवायचं. चांगल्या दिवशी काय, सगळंच चालतं.

म्हणजे बॅटरी आली, आणि बॅटरी म्हटलं की २४ व्होल्टची डीसी मोटर आली. यात मला दुसरा विचारच नव्हता. डीसी मोटर सुरू होताना जोर धरते, बॅटरी असेपर्यंत तिला लाईन कशी आहे याच्याशी देणंघेणं नसतं, आणि मध्ये काही अडलं तर वाढलेला करंट बघून बोर्ड तिला थांबवतो. प्रश्न उरला तो बॅटरी कशानं भरायची याचा. घरच्या लाईटनं की उन्हानं?

घरच्या लाईटनं भरणं सगळ्यात सोपं. चांगला चार्जर १०० व्होल्टपासून चालतो, त्यामुळं १६८ ला त्याला काही होत नाही. ज्यांच्या गेटपर्यंत चांगली केबल गेलेली आहे त्यांनी हेच करावं, पॅनेलच्या मागं लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आक्काच्या गेटपर्यंतही केबल होती. घरापासून ४५ मीटर, काँक्रीटच्या वाटेखालून. मी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावला आणि तिथल्या तिथं मेन स्विचकडची वायर काढून टाकली. इन्सुलेशन गेलं होतं. पातळ पाइपातून साधी वायर ओढलेली, कुठंतरी घुशीनं कुरतडलेली, पाइपात पाणी. लाईनवर आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाईन तोडणारा स्विच, नाही, गेटला अर्थिंग नाही. लोखंडी गेट, पावसाळी चिखल आणि ओल्या हातानं गेट धरणारा माणूस. ज्यांनी बसवलं ते काम करून गेले, त्यांना पुन्हा बोलवून उपयोग नव्हता. पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या गेटला २३० व्होल्ट जात असतील तर ३० मिलिअँपियरची आरसीसीबी आणि गेटचं अर्थिंग एवढं आजच तपासून घ्या. मोटर कुठली, कंपनी कुठली, हे नंतर बघा.

नवी केबल टाकायची तर काँक्रीट फोडायचं नाही म्हणून कंपाउंडच्या कडेनं साठ मीटरचा चर. वर हातभर मुरूम, खाली काळा पाषाण. आर्मर्ड केबल, दोन फूट खोली, वर विटा. खणाईसकट अंदाज बावीस हजारांवर गेला. एकानं सुचवलं की बॅटरी घरातच ठेवा आणि २४ व्होल्टच गेटपर्यंत न्या, म्हणजे शॉकची भीती नाही. ऐकायला बरं वाटतं. पण अडीच स्क्वेअरची तांब्याची केबल, जाऊन-येऊन १२० मीटर, तिचा रेझिस्टन्स ०.९ ओहमच्या आसपास. सुरू होताना मोटर ११ अँपियर घेते. जवळजवळ १० व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि मोटरीच्या हातात १४ येतात. २४ व्होल्ट लांब नेता येत नाहीत. बॅटरी गेटपाशीच ठेवायला हवी.

उन्हाचं नाव काढल्यावर दाजींनी लगेच अडवलं. "पाव्हणं, आषाढात ऊन कुठलं आणताय? आठ-आठ दिवस सूर्याचं तोंड दिसत न्हाय."

आक्काचं म्हणणं वेगळं. "तू काय ते बघ बाबा. लाईटवर चालव न्हायतर उन्हावर, ह्यांना भाईर थांबायला लागू नये."

दाजींचा मुद्दा खरा होता आणि त्याला तोंडी उत्तर देऊन चालणार नव्हतं. म्हणून नवी डीसी मोटर हातात आल्यावर आधी दुकानातल्या बॅटरीवर गेटला जोडली आणि डीसी क्लॅम्प मीटर घेऊन दिवसभर तिथं बसलो.

चालताना ९ अँपियर. हे मला जास्त वाटलं. रिलीज, म्हणजे मोटर गेटपासून सोडवायचा खटका, ओढून गेट हातानं ढकललं तर खांदा लावावा लागला. ट्रॅकमध्ये उसाच्या ट्रॉल्यांनी आणलेली माती घट्ट बसलेली, एका रोलरचं बेअरिंग धरलेलं, गेटची दातेरी पट्टी एका टोकाला मोटरीच्या दातेरी चाकावर दाबून बसलेली. फॅब्रिकेटरला बोलवून दोन्ही रोलर बदलले, पट्टी दीड मिलिमीटर उचलली, ट्रॅक खरवडून काढला. आता गेट दोन बोटांनी सरकतं. करंट सहावर आला. मोटर तीच, बॅटरी तीच, पण एक तृतीयांश खर्च कमी झाला.

दुपारी जेवताना दाजींना हे सांगितलं तर त्यांनी गावातल्या बारा मोटांच्या विहिरीची आठवण काढली. आक्काच्या घरापासून ती लांब नाही. विरूबाई भोसल्यांनी शके १६४१ ते १६४६ मध्ये, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली. तिथं मोटेची धाव, म्हणजे बैलांची ये-जा करायची वाट, उतरती असते हे मी शंभर वेळा बघितलं असेल, पण का हे कधी मनात आलं नव्हतं. भरलेली मोट वर येताना बैल उताराला चालतात, म्हणजे बैलाच्या ताकदीबरोबर त्याचं वजनही कामाला लागतं. रिकामा बैल चढावर माघारी येतो. दाजी म्हणाले, "आधी वझं हलकं केलं, मग बैल जुंपलं." गेटचं आम्ही त्या दिवशी तेच केलं होतं. ते वाक्य मी दुकानाच्या वहीत लिहून ठेवलं आहे.

मग हिशेब. गेट उघडायला वीस सेकंद, लावायला वीस. सहा अँपियरनं चाळीस सेकंद. दिवसाला दहा वेळा धरलं तरी सगळं मिळून ०.६७ अँपियर-तास होतात. फार कमी. पण गेट नुसतं उभं असताना मीटर काय दाखवतो ते बघायला गेलो आणि थबकलो. बोर्ड, रिमोटचा रिसीव्हर आणि दोन्ही बाजूचे फोटोसेल, म्हणजे मध्ये कुणी आलं की ओळखणारे डोळे, मिळून ९५ मिलिअँपियर, अखंड. चोवीस तासांचे २.३ अँपियर-तास. म्हणजे गेट हलवायला जेवढी वीज लागते त्याच्या तिपटीहून जास्त वीज ते रिमोटची वाट बघत उभं राहण्यात घालवतं. इतकी वर्षं मोटरीत हात घातलेले, पण हे माझ्या ध्यानात नव्हतं. लोक विचारतात मोटर किती वॅटची. सोलरवर गेट चालवायचं असेल तर गेट बंद असताना किती खातं हे विचारा.

बोर्डाच्या पुस्तकात एक सेटिंग सापडलं, गेट हलतानाच फोटोसेलला वीज द्यायचं. ते चालू केलं. खांबावरचे दोन शोभेचे दिवे त्याच बॅटरीवर घ्यायचा आक्काचा विचार होता, तो तिनं माझ्या सांगण्यावरून सोडला. उभ्या गेटचा खर्च ४५ मिलिअँपियरवर आला. आता दिवसाचं एकूण १.८ अँपियर-तास.

पॅनेल मी आषाढावर धरलं, चैत्रावर नाही. ढगाळ दिवसांत सगळा उजेड मिळून कडक उन्हाच्या एका तासाएवढा मिळेल असं समजलो, आणि वाटेतली घट धरून शंभर वॅटचं सत्तर वॅट-तास. २४ व्होल्टला ते तीन अँपियर-तासांच्या जवळ जातं. खर्च १.८. पुरतं. दुकानदार ४० वॅटचं पॅनेल देत होता, "गेटला सगळे हेच नेतात" म्हणून. हिवाळ्यात ते खरंच पुरलं असतं आणि जुलैत दाजी पुन्हा बाहेर राहिले असते. ५० वॅटची दोन पॅनेलं सिरीजमध्ये जोडली. बॅटरी २६ अँपियर-तासांच्या दोन, बंद लेड-ॲसिड. निम्म्याखाली उतरवायच्या नाहीत असं धरलं तरी उजेडाचा कण नसताना सात दिवस निघतात. लिथियम जास्त टिकते, हे खरं. पण या बॅटरीतली एक गेली तर साताऱ्यात दुपारपर्यंत दुसरी मिळते, आणि मला दाजींसाठी तेच हवं होतं. पॅनेल, खांब, कंट्रोलर, बॅटऱ्या, पेटी असे साडेचौदा हजार झाले. मोटर वेगळी.

हाच हिशेब सगळ्या जिल्ह्याला लावू नका. मेढ्याच्या, बामणोलीच्या बाजूला पावसाळा लिंबपेक्षा कितीतरी दाट, तिथं मी पॅनेल दुप्पट धरीन किंवा केबलच टाकीन. दहिवडी-म्हसवडकडं पाऊसच कमी, तिथं ४० वॅटवरही काम होईल.

पॅनेल कुठं लावायचं यात अर्धा दिवस गेला. गेटच्या डाव्या हाताला लिंबाचं मोठं झाड आहे आणि त्याला हात लावायचा नाही असं आक्काचं आधीच सांगणं होतं. एका फांदीची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी सगळ्या पॅनेलचा करंट खाली येतो, कारण आतले सेल माळेसारखे एकामागं एक जोडलेले असतात. सकाळी नऊ, दुपारी बारा, चार, असं सावलीच्या कडेनं चुन्यानं रेघा मारल्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो आणि सावली लांबते, ते मनानं वाढवून धरलं. शेवटी उजव्या खांबापासून बारा फुटांवर जागा मिळाली. तोंड दक्षिणेला, कल पंधरा अंशांचा. आपल्याकडं सतरा-अठरा अंश देतात, पण ढगातला उजेड सगळ्या आभाळातून येतो, त्याला जरा आडवं पॅनेल बरं. अगदी आडवंही नको, धूळ पावसानं वाहून गेली पाहिजे.

एक गोष्ट राहिली होती आणि ती मला सगळ्यात जास्त सलत होती. बॅटरी, बोर्ड, सगळंच बंद पडलं तर मोटर सोडवून गेट हातानं उघडायची किल्ली असते. ती किल्ली लावायची जागा मोटरीवर, म्हणजे गेटच्या आत, जमिनीपासून वीतभर. बाहेर स्कूटरवर बसलेल्या माणसाला तिचा काय उपयोग? कंपनीच्या पुस्तकात 'आणीबाणीची सोय' म्हणून तिचं चित्र आहे. आम्ही रिलीजच्या खटक्याला स्कूटरची क्लच केबल जोडली, ती पाइपातून खांबाच्या बाहेरच्या बाजूला आणली आणि कुलपाच्या छोट्या पेटीत तिचं हँडल बसवलं. उंची दाजींना स्कूटरवर बसवून, हात लांब करायला लावून ठरवली. पेटीची किल्ली स्कूटरच्याच जुडग्यात आहे. हँडल ओढलं की मोटर सुटते, आणि गेट दोन बोटांनी सरकतं हे वर सांगितलंच. दाजींनी मे महिन्यात तीन वेळा करून बघितलं. तिसऱ्या वेळी त्यांनी मला हात लावू दिला नाही.

पावसाळ्यात दर रविवारी जाऊन बॅटरीचं व्होल्टेज वहीत लिहिलं. पहाटे, ऊन यायच्या आधी, म्हणजे खरा आकडा मिळतो. सगळ्यात कमी २४.६ आलं, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे बॅटऱ्या निम्म्याखाली उतरल्या नव्हत्या. एकदाच काळजी वाटली होती, ऑगस्टच्या सुरुवातीला दोन्ही पॅनेलांवर शेवाळासारखा हिरवट थर दिसला तेव्हा. ओल्या फडक्यानं निघाला. आता कारखाने सुरू होऊन ट्रॉल्यांची धूळ उडेल तसा आठवड्यातून एकदा फडका मारायचा हे आक्कानं तुळशीला पाणी घालायच्या कामात जोडून घेतलं आहे.

आमचा जिल्हा विजेचा. कोयनेची १९६० मेगावॅट आमच्याच धरणाच्या पाण्यावर तयार होते, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. त्यातली थोडी तरी लिंबच्या शेतातल्या घराला रात्री आठ वाजता नीट मिळावी असं मला मनापासून वाटतं, आणि ते पंधरा फुटांच्या गेटपेक्षा कितीतरी मोठं काम आहे. रिवाइंडिंगला येणाऱ्या मोटरी कमी झाल्या तर माझा धंदा कमी होईल, चालेल मला.

ऑगस्टमधलं शेवटचं सांगतो. पावसानं खांब पडून त्या भागाची लाईट दोन दिवस नव्हती. मला हे ठाऊकच नव्हतं. रविवारी वही घेऊन गेलो तर आक्का बोलता बोलता म्हणाली की फ्रीजमधलं दूध नासलं, पाण्याचे हाल झाले, मोबाईल शेजारच्या ट्रॅक्टरवर चार्ज केले.

"मग गेट?" मी विचारलं.

दाजी पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली. "गेटाला काय झालं?"